परदेशात निवृत्तीचं घर आणि तिथे राहण्याची मुदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात निवृत्तीचं घर घ्यायचं मनात आहे असं सांगणारे बहुतेक जण आधी घराची किंमत विचारतात. तिथे किती दिवस राहता येईल, हा प्रश्न अगदी शेवटी, जाता जाता येतो. इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. पुढे दिलेल्या रकमा आणि मुदती सरकारं वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर आकडे पुन्हा तपासा.

१. परदेशात माझं स्वतःचं घर असेल तर मला तिथे हवे तितके दिवस राहता येईल ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमजही हाच. घर कुणाचं हे नोंदणी कार्यालय ठरवतं, देशात कोण राहणार हे इमिग्रेशन खातं ठरवतं, आणि एकाचा निर्णय दुसऱ्याला बंधनकारक नसतो. खरेदीखत तुमच्या नावावर असेल, घरपट्टी वेळेवर भरली असेल, तरीही मुदत संपली की स्वतःच्याच घराला कुलूप लावून निघावं लागतं.

स्पेन आणि फ्रान्समध्ये घरं असलेल्या ब्रिटिश लोकांनी हे अनुभवलं आहे. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर त्यांच्या राहण्यावर ९० दिवसांचं बंधन (प्रश्न ३) नव्हतं. १ जानेवारी २०२१ पासून, ज्यांनी तिथला रहिवास आधीच कायदेशीर करून घेतला नव्हता, त्यांना ते लागू झालं. घर तेच, मालक तोच, बदललं फक्त पासपोर्टचं वजन. पुढे २०२३ च्या अखेरीस फ्रान्सच्या संसदेने अशा ब्रिटिश घरमालकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा आपोआप मिळावा अशी तरतूद मंजूर केली, पण जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या घटना परिषदेने ती रद्द केली. मालकीच्या जोरावर राहण्याचा हक्क मिळवायचा हा प्रयत्नही टिकला नाही.

२. मग पर्यटक म्हणून माझ्या घरी किती दिवस राहता येईल?

ते तुमच्या पासपोर्टवर आणि व्हिसावर अवलंबून आहे, घरावर नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत (आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेला देशांचा गट) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस (हिशेब प्रश्न ३ मध्ये). मेक्सिकोत जास्तीत जास्त १८० दिवस, पण प्रत्यक्ष किती द्यायचे हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका भेटीत साधारण सहा महिन्यांपर्यंत, आणि तिथेही शेवटचा शब्द विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा. जॉर्जिया बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय एक वर्ष राहू देतो. मात्र तुमचा देश त्या यादीत आहे का, हे आधी पाहा.

एक फरक लक्षात ठेवा. व्हिसाची वैधता वेगळी आणि मुक्कामाची मुदत वेगळी. पाच वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं राहायची परवानगी नव्हे.

३. शेंगेनचे ९० दिवस नेमके कसे मोजायचे? बाहेर जाऊन परत आलं की मोजणी नव्याने सुरू होते का?

होत नाही. मोजणी कॅलेंडर वर्षाची नाही आणि प्रत्येक प्रवेशाचीही नाही. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहायचे. त्यात तुमचे मुक्कामाचे दिवस ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. आलात तो दिवस आणि निघालात तो दिवस, दोन्ही धरले जातात.

उदाहरण घ्या. लीप वर्ष नाही आणि तुम्ही १ जानेवारीला पोहोचलात. सलग राहिलात तर ३१ मार्चला ९० दिवस पूर्ण होतात आणि त्याच दिवशी बाहेर पडावं लागतं. १ जानेवारी हा दिवस मोजणीतून गळतो तो ३० जूनला. म्हणजे ३० जूनपासून पुन्हा जाता येईल, आणि रोज एकेक जुना दिवस गळत असल्यामुळे २७ सप्टेंबरपर्यंत राहता येईल. घरात वर्षाचा साधारण अर्धा भाग मिळतो, पण तो असा तुटक. संपूर्ण हिवाळा आणि वसंत सलग काढायचा बेत यात बसत नाही.

पोर्तुगालमधून निघून इटलीत आठवडा काढला तरी दिवस चालूच राहतात, कारण २९ देशांची मोजणी एकच आहे. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तिथले दिवस यात येत नाहीत. पूर्वी पासपोर्टवरचे पुसट शिक्के पाहून बोटांवर हिशेब व्हायचा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी तो यंत्रात दिसतो.

४. निवृत्त लोकांसाठी वेगळा व्हिसा असतो का?

अनेक देशांत असतो, आणि खरा शोध इथून सुरू करायला हवा. या व्हिसात घराला महत्त्व कमी असतं. नोकरी न करता तुमचा खर्च तुम्ही भागवू शकता का, एवढंच सरकारला पाहायचं असतं.

पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाला पेन्शन, भाडं, व्याज असं नियमित उत्पन्न लागतं, निदान तिथल्या किमान वेतनाएवढं. २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं. जोडीदारासाठी त्याच्या निम्मी रक्कम वाढते. स्पेनच्या बिननोकरी निवास व्हिसाला महिना २,४०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी ६०० युरो दाखवावे लागतात, आणि त्यावर कोणतंही काम करता येत नाही. पनामात आजन्म मिळणारी महिना १,००० डॉलरची पेन्शन लागते. तिथे किमान एक लाख डॉलरची मालमत्ता घेतली तर ही अट ७५० डॉलरवर येते. घर घेतल्याचा व्हिसासाठी थेट उपयोग होतो अशा मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. कोस्टा रिकाचीही पेन्शनची अट महिना १,००० डॉलरच आहे.

थायलंडमध्ये वय ५० पूर्ण हवं. बँकेत आठ लाख बात किंवा महिना ६५,००० बात उत्पन्न दाखवावं लागतं, आणि परवानगी एकेका वर्षाची. ठेवीचा मार्ग निवडला तर पैसे अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण ठेवायचे, नंतरही चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. मुदतवाढ नाकारली जाते ती बऱ्याचदा इथेच: कुणीतरी मधल्या काळात त्याच खात्यातून दवाखान्याचं बिल भरलेलं असतं. त्या खात्याला हात लावू नका, रोजच्या खर्चाला दुसरं खातं उघडा. संयुक्त अरब अमिरातीत ५५ वर्षांपुढच्यांना पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा आहे. मालमत्ता, बचत किंवा मासिक उत्पन्न यांपैकी एक अट पुरी करावी लागते.

जपान आणि अमेरिकेत निवृत्तीचा व्हिसाच नाही. जपानमध्ये परदेशी माणूस जमिनीसकट घर विकत घेऊ शकतो, आणि गावोगावची रिकामी घरं स्वस्तात मिळतात हे वाचून अनेक जण मोहात पडतात. पण ते घर वापरायला मिळेल ते पर्यटक व्हिसाच्या दिवसांपुरतंच.

५. घर घेतलं की निवास परवाना देणारे देश आहेत असं ऐकलं. ते अजून आहेत का?

आहेत, पण कमी होत चालले आहेत. आयर्लंडने गुंतवणूकदारांची योजना फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केली. पोर्तुगालच्या गोल्डन व्हिसातून (गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणारा निवास परवाना) घरखरेदीचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये वगळला गेला. स्पेनने आपली योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद केली. घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्या, हे त्यामागचं मोठं कारण, आणि ते रास्त आहे.

ग्रीसमध्ये योजना चालू आहे, पण २०२४ पासून अथेन्स परिसर, थेस्सालोनिकी, मिकोनोस, सँतोरिनी आणि मोठ्या लोकसंख्येच्या बेटांवर किमान आठ लाख युरोंचं घर लागतं, इतरत्र चार लाखांचं. व्यापारी इमारतीचं रूपांतर करून केलेलं घर असेल तर अडीच लाख युरोच पुरतात. तुर्कीत दोन लाख डॉलरच्या मालमत्तेवर निवास परवान्याचा अर्ज करता येतो. नागरिकत्वासाठी चार लाख डॉलर आणि तीन वर्षं न विकण्याची अट. अमिरातीत वीस लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो. मॉरिशसमध्ये ठरावीक प्रकल्पांतलं ३,७५,००० डॉलरचं घर घेतलं तर ते असेपर्यंत राहता येतं.

मलेशियात गणित उलटं आहे. तिथल्या ‘माय सेकंड होम’ योजनेत २०२४ पासून व्हिसा मिळाल्यावर घर घ्यावंच लागतं. खालच्या श्रेणीला दीड लाख डॉलरची ठेव आणि किमान सहा लाख रिंगिटचं घर, आणि ते दहा वर्षं विकता येत नाही. निवृत्त माणसासाठी ही दहा वर्षांची अट फार मोठी आहे. ६८ व्या वर्षी घेतलेलं घर ७८ पर्यंत अडकून राहणार, हे कागदावर सही करण्याआधी मनाशी मांडून पाहा.

६. परदेशी माणसाला कुठल्याही देशात घर घेता येतं का?

नाही. कॅनडाने परदेशी लोकांच्या घरखरेदीवर १ जानेवारी २०२३ पासून बंदी घातली आणि ती २०२७ च्या सुरुवातीपर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियात जुनी, आधीच बांधलेली घरं घेण्यावर एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांची बंदी आहे. न्यूझीलंडने २०१८ मध्येच दार बरंचसं लावून घेतलं. डेन्मार्कमध्ये तुम्ही तिथले रहिवासी नसाल आणि पूर्वी पाच वर्षं राहिलेले नसाल तर परवानगी लागते. स्वित्झर्लंडमध्ये परदेशातल्या लोकांसाठी सुट्टीच्या घरांचा वार्षिक कोटाच ठरलेला आहे.

काही देशांत घर घेता येतं, पण जमीन नाही. थायलंडमध्ये इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतचे फ्लॅट परदेशी लोकांच्या मालकीचे असू शकतात. पैसे परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा दाखला नसेल तर नोंदणीच होत नाही. तो दाखला नीट जपा, विकताना पैसे परत नेण्यासाठीही तोच लागतो. फिलिपिन्समध्ये हीच मर्यादा ४० टक्के आहे. व्हिएतनाममध्ये इमारतीतले ३० टक्के फ्लॅट आणि मालकी ५० वर्षांची. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणूस थेट मालक होऊ शकत नाही. तिथे बँक ट्रस्टच्या नावाने मालमत्ता धरते आणि तुम्ही लाभार्थी असता. हा ट्रस्ट ५० वर्षांचा आणि नूतनीकरण होणारा, शिवाय पूर्ण कायदेशीर आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

७. जमीन घेता येत नसेल तर ओळखीच्या स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ का? सगळे तसंच करतात म्हणे.

घेऊ नका. थायलंड आणि इंडोनेशियात ही नावापुरत्या मालकाची व्यवस्था बेकायदा आहे. वाद झाला तर कागदावरचा मालक खरा ठरतो आणि तुमचा खासगी करार कोर्टात टिकत नाही. त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर तुमचा विश्वास असेलही, पण उद्या तो वारला की व्यवहार त्याच्या वारसांशी असेल, आणि त्यांनी तुम्हाला कसलाच शब्द दिलेला नसतो. थायलंडमध्ये ३० वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करता येतो. पुढची ३० वर्षं ‘नक्की मिळतील’ असं एजंट सांगत असेल तर ती धरून चालू नका. इंडोनेशियात वापराचा हक्क ३०, मग २०, मग ३० असा टप्प्याटप्प्याने मिळतो. सत्तरीच्या माणसाला पहिला टप्पाही आयुष्यभर पुरेल.

८. आधी भाड्याने राहावं की थेट घर घ्यावं?

भाड्याने राहावं, निदान एक वर्ष, आणि त्यात त्या जागेचा सर्वांत वाईट ऋतू धरून. सुट्टीत पाहिलेला किनारा आणि पावसाळ्यात दुकानं बंद असलेला तोच किनारा या दोन वेगळ्या जागा आहेत. वर्षभरात व्हिसाचं पहिलं नूतनीकरणही अंगावरून जातं, आणि त्या देशाचं सरकार तुमच्याशी कसं वागतं ते कळतं. घर तोवर थांबू शकतं.

९. मला वर्षातले पाच-सहा महिनेच तिथे राहायचं आहे. निवास परवाना टिकेल का?

हा प्रश्न फार कमी लोक वेळेवर विचारतात. निवास परवाना देणाऱ्या बहुतेक देशांची अपेक्षा असते की तुम्ही खरोखर तिथे राहावं. पोर्तुगालच्या तात्पुरत्या परवान्यात, त्याच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तो रद्द होऊ शकतो. अमिरातीत साधा निवास व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की व्हिसा जातो. गोल्डन व्हिसाला ही अट नाही. युरोपीय संघाचा दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा पाच वर्षांच्या सलग रहिवासानंतर मिळतो आणि संघाबाहेर सलग बारा महिने काढले की जाऊ शकतो. ग्रीसच्या गोल्डन व्हिसाला किमान मुक्कामाची अट नाही, म्हणून येऊन-जाऊन राहणाऱ्यांना तो सोयीचा.

थायलंडमध्ये दोन गोष्टी विसरू नका. सलग ९० दिवस राहिलात की पत्त्याची खबर द्यायची. आणि देशाबाहेर पडण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यायचा, नाहीतर निघालात त्या क्षणी वर्षभराची परवानगी संपते.

१०. तिथे राहिलो तर कर कुठे भरायचा?

बहुतेक देशांत वर्षात १८३ दिवसांचा उंबरठा आहे. तो ओलांडला की तुम्ही करासाठी तिथले रहिवासी, आणि अनेक ठिकाणी मग जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. थायलंडमध्ये हा उंबरठा १८० दिवसांचा आहे, आणि २०२४ पासून तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नावरचे नियम कडक झाले आहेत. पेन्शनवर कर कोणी लावायचा हे दोन देशांतल्या दुहेरी करप्रतिबंधक करारात लिहिलेलं असतं. पेन्शन सरकारी आहे की खासगी, यावरून उत्तर बदलतं.

अमेरिकेचा हिशेब वेगळा. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा यांची बेरीज १८३ झाली की तुम्ही करासाठी रहिवासी धरले जाता. दरवर्षी १२२ दिवस राहणारा माणूस यात अडकतो, म्हणजे व्हिसाच्या सहा महिन्यांच्या बराच आत. तुमचं खरं घरदार आणि नातं दुसऱ्या देशाशी आहे असं फॉर्म ८८४० भरून दाखवता येतं, पण तो दरवर्षी वेळेवर भरावा लागतो.

रहिवासी नसाल तरी घराचा कर सुटत नाही. स्पेनमध्ये स्वतःच्या वापरासाठी ठेवलेल्या घरावरही अनिवासी मालकाला मानीव उत्पन्नावर (प्रत्यक्ष न मिळालेल्या, पण मिळालं असं धरलेल्या उत्पन्नावर) कर भरावा लागतो. घरपट्टी वेगळी.

११. मी नसताना घर भाड्याने देता येईल का?

गृहीत धरू नका. ग्रीसमध्ये गोल्डन व्हिसासाठी घेतलेलं घर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी देता येत नाही. अनेक शहरांत परवाना लागतो, आणि इमारतीच्या रहिवासी संघाचे नियम वेगळेच असतात. ते नियम खरेदीआधी मागून घ्या.

१२. आजारी पडल्यामुळे मुदतीत निघता आलं नाही तर?

त्याच आठवड्यात, मुदत संपण्याआधी, इमिग्रेशन कार्यालयाला कळवा आणि डॉक्टरचा लेखी दाखला द्या. शेंगेन व्हिसा असेल तर आवाक्याबाहेरच्या किंवा मानवतेच्या कारणासाठी मुदत विनाशुल्क वाढवून मिळते. गंभीर वैयक्तिक कारणासाठी ३० युरो शुल्क आहे. न कळवता राहणं सर्वांत वाईट. थायलंडमध्ये रोज ५०० बात दंड, कमाल २०,००० बात. ९० दिवसांहून जास्त राहिलात तर स्वतःहून हजर झालात तरी वर्षभर प्रवेशबंदी.

विम्याचं आधीच पाहा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, स्पेनच्या निवास व्हिसाला तिथे मान्यता असलेल्या कंपनीचा पूर्ण आरोग्य विमा. सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड आणि महाग होत जातं. म्हणून घराच्या आधी विम्याचं दरपत्रक मागवा. ते झेपत नसेल तर तो देश तुमच्यासाठी नाही.

१३. माझ्यानंतर घर मुलांना मिळेल ना?

मिळेल, पण कोणत्या कायद्याने, हे आत्ताच ठरवून ठेवा. फ्रान्ससारख्या देशांत मुलांचा वाटा कायद्यानेच राखीव असतो. युरोपीय संघाच्या १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार मृत्युपत्रात तुम्ही आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडू शकता. डेन्मार्क आणि आयर्लंड या नियमात नाहीत. अमेरिकेत अनिवासी परदेशी माणसाच्या तिथल्या मालमत्तेवर फक्त ६०,००० डॉलरची सूट, पुढे वारसा कर. त्या देशासाठी वेगळं मृत्युपत्र करा आणि एकाने दुसरं रद्द होत नाही ना, हे वकिलाकडून वाचून घ्या. मुलांना घर मिळालं तरी राहायला त्यांना स्वतःचा व्हिसा लागेल (प्रश्न १ इथेही तसाच लागू).

१४. परवाना यजमानांच्या पेन्शनवर आहे आणि मी त्यांची जोडीदार म्हणून राहते. ते गेले तर मला निघावं लागेल का?

लागू शकतं. तुमचं राहणं त्यांच्या परवान्याला जोडलेलं असेल तर त्यांच्याबरोबर तुमचा आधारही संपतो. काही देश जोडीदाराला स्वतंत्र परवाना देतात, काही नव्याने अर्ज करायला लावतात, आणि तेव्हा उत्पन्नाची अट तुम्हाला एकट्याने पुरी करावी लागते.

म्हणून तुम्हाला स्वतःची पेन्शन किंवा व्याजाचं उत्पन्न असेल तर पहिल्यापासून वेगळा अर्ज करा, शुल्क दुप्पट पडलं तरी. घर दोघांच्या नावावर घ्या. तुमच्या एकटीच्या नावाचं खातं त्या देशात उघडून त्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम ठेवा, कारण मृत्यूनंतर त्यांचं खातं वारसाचे कागद होईपर्यंत गोठू शकतं. लग्नाचा दाखला त्या देशाच्या भाषेत भाषांतर करून, अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लावून आत्ताच घरात ठेवा; तो देश अपोस्टिल मानत नसेल तर वकिलातीकडून प्रमाणित करून घ्या. हे कागद नंतर मिळवायला महिने लागतात, आणि त्या दिवसांत धावपळ करायची ताकद कुणातच नसते.